ओला गालिचा आणि आठ सिलिंडर

मर्सिडीजची ऐंशीच्या दशकातली एसएल बघायला जायचं असेल, तर आदल्या रात्री पाऊस झालेला दिवस निवडावा. विकणाऱ्याला हे रुचत नाही. त्याच्या डोक्यात ऊन, उघडा टप आणि लखलखणारा क्रोम असतो. खरं सांगायचं तर आपल्याही डोक्यात तेच असतं. पण गाडीपाशी पोहोचल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी दार उघडावं, खाली वाकावं आणि पाय ठेवायच्या जागेतला गालिचा पंजाने दाबून बघावा. हात ओला झाला, तर पुढचं बोलणं पत्र्याचं होतं, किमतीचं नंतर.

गालिचा ओला का होतो हे कळलं की या गाडीचं निम्मं दुखणं कळतं. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला एक जाळी आहे. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्या खालीच हीटरचा पंखा आहे. हवेबरोबर पाणीही येणार हे इंजिनिअरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी निचऱ्याच्या वाटा ठेवल्या. तीस-चाळीस वर्षांत त्या वाटांमध्ये पाला अडकतो, कुजतो, त्याचा लगदा होतो. पाणी तुंबतं. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याला गंज चढतो आणि एक दिवस पाणी पंख्याच्या कप्प्यातून थेट पायाशी उतरतं. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. रंग नवा, चाकं चकचकीत, आणि आत पत्रा चाळण झालेला. तो बदलायचा तर डॅशबोर्ड सोडवा, हीटर काढा, बऱ्याचदा पुढची काचही उतरवा. पत्र्याचा तुकडा हातभर, मजुरी मात्र डोळे पांढरे करणारी.

ही गाडी भक्कम म्हणून इतकी गाजली की लोकांनी तिच्याकडे बघणंच सोडून दिलं. बेन्झ आहे, तिला काय होतंय!

आर-१०७ हे तिचं कारखान्यातलं नाव. १९७१ च्या वसंतात ती ३५० एसएल म्हणून बाजारात आली आणि ऑगस्ट १९८९ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात बनत राहिली. एकूण २,३७,२८७ गाड्या. तिचा आकार ठरला तेव्हा मर्सिडीजच्या डिझाइन विभागाची सूत्रं फ्रीडरिश गायगर यांच्याकडे होती. वर उघडणाऱ्या दारांची पन्नासच्या दशकातली ३०० एसएल ज्यांच्या नावावर आहे, तेच हे गायगर. पण १०७ मध्ये त्या गाडीची चपळाई शोधू नये. ही दीड टनाची, लांब नाकाची, सावकाश मिजाशीची गाडी आहे. वळणावर तिला घाई केलेली खपत नाही.

तिच्या जन्मावर अमेरिकेची छाया होती. गाडी उलटली तर उघड्या टपाच्या गाडीतल्या माणसांचं काय, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला होता आणि अशा गाड्यांवर बंदीच येणार अशी हवा होती. १९७६ मध्ये कॅडिलॅकने आपली एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली, ती याच वातावरणात. मर्सिडीजने मैदान सोडलं नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब मुद्दाम जाड केले, काच चौकटीला चिकटवून तिचाही आधार घेतला, पेट्रोलची टाकी मागच्या बंपरपासून आत घेऊन मागच्या आसाच्या वर बसवली. मागचे दिवे गुळगुळीत नाहीत, त्यांना आडव्या पन्हळी आहेत. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. चिखल उडून दिव्याचा उंच भाग माखला तरी खाचांमधला भाग स्वच्छ राहतो आणि मागच्या गाडीला दिवा दिसतो. पाऊस-चिखलात गाडी चालवणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगायला नको. पुढे बंदी काही आली नाही. पण तोवर बाकीचे बहुतेक कारखानदार बाजूला झाले होते आणि उघड्या टपाच्या आलिशान गाडीचा बाजार १०७ ला जवळजवळ आंदण मिळाला. एकूण उत्पादनातला सुमारे दोन-तृतीयांश माल अमेरिकेत खपला. ‘डॅलस’ मालिकेतल्या बॉबी यूइंगची लाल एसएल आणि ‘अमेरिकन जिगोलो’मध्ये रिचर्ड गीअरच्या हाती असलेली काळी ४५० एसएल यांनी उरलेलं काम केलं.

खरेदीदाराचा खरा गोंधळ या अमेरिकी प्रकरणातच आहे. १९८१ पासून अमेरिकेत अधिकृतपणे मिळायची ती ३८० एसएल. आठ सिलिंडरची, पण धुराच्या नियमांपायी ताकद उतरवून १५५ अश्वशक्तीवर आणलेली. त्याच काळात जर्मनीत ५०० एसएल २३० च्या वर अश्वशक्ती देत होती. डॉलर तेव्हा असा वधारला होता की पैसेवाल्या अमेरिकनांनी सरळ जर्मनीतून ५०० एसएल उचलल्या, अमेरिकेच्या नियमांनुसार दिवे-बंपर बदलून घेतले आणि स्थानिक डीलरच्या नाकावर टिच्चून चालवल्या. हा मागच्या दाराचा धंदा एवढा फोफावला की १९८५ च्या फेरबदलात मर्सिडीजने अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी साडेपाच लिटरची ५६० एसएल काढली. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेतल्या या खासगी आयातीला चाप लावला.

आता वारं उलटं वाहतंय. कॅलिफोर्निया-टेक्ससच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्या जर्मनीत परत येतात, त्यांचे लांबलचक अमेरिकी बंपर काढून सडपातळ युरोपीय बंपर लावले जातात आणि जाहिरातीत ‘गंजमुक्त’ असं ठळक छापलं जातं. त्यात गैर काही नाही. कोरड्या हवेतला पत्रा खरोखर चांगला असतो. फक्त आपण काय घेतोय ते आपल्याला ठाऊक हवं. त्यासाठी चासी नंबर वाचावा. युरोपसाठी बनलेल्या गाडीच्या नंबरात १०७ नंतरचे तीन आकडे मॉडेल सांगतात: ०४१ म्हणजे ३०० एसएल, ०४५ म्हणजे ३८०, ०४६ म्हणजे ५००. मागे ५०० चा बिल्ला आणि नंबरात ०४५ असेल, तर बिल्ला सहज विकत मिळतो हे लक्षात ठेवून बोलणी करावीत. आणि उन्हात राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला, रबरं दगडासारखी कडक झालेली असणार, हेही गृहीत धरावं.

इंजिनाला लोक उगाच घाबरतात. ही आठ सिलिंडरची इंजिनं वेळेवर तेल मिळालं तर लाखो किलोमीटर धावतात. जपायची ती टायमिंग चेन. तिला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वयानुसार ठिसूळ होतात. एखादी तुटून चेनखाली आली की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. अमेरिकी ३८० च्या १९८१ ते ८३ च्या गाड्यांत तर चेनही एकपदरी होती. १९८४ पासून दुपदरी आली. पहिल्या तीन वर्षांतली गाडी असेल तर चेन बदलल्याची पावती मागावी. ‘बदलली आहे, मित्राच्या गॅरेजमध्ये’ हे उत्तर पावती नव्हे. थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखडाट आला, तर विकणारा ‘होतं असं सकाळी’ म्हणेल. म्हणू द्यावं. मात्र बघायला जाण्याआधी त्याने इंजिन तापवून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवून ते ओळखावं, आणि सरळ दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं.

पत्र्यासाठी खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा, मऊ फडक्यात गुंडाळलेला. दारांखालचे पट्टे, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायच्या भोकांच्या आसपासचा भाग, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. चुंबक जिथे पकड सोडतो तिथे रंगाखाली पुट्टी आहे. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात का बघावं. ते गुळगुळीत होऊन गायब असतील, तर गाडीला समोरून मार बसलेला आहे.

मग टप. कापडी टप हाताने काढायचा, घडी करून मागच्या धातूच्या झाकणाखाली ठेवायचा. विजेचं काहीही नाही. विजेवर चालणारा टप १९८९ मध्ये पुढच्या पिढीच्या एसएलबरोबर आला. त्याखेरीज एक हार्डटॉप असतो, चाळीस-पंचेचाळीस किलोंचा, आणि तो उतरवायला दोन माणसं लागतात. पुष्कळ मालक एकट्याने झेपत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं काढतच नाहीत. खालचा कापडी टप तसाच घडी होऊन पडतो, आकसतो, त्याला बुरशीचा वास लागतो. म्हणून सोबत एक माणूस न्यावा, आणि हार्डटॉप उतरवून, कापडी टप चढवून, चारही कोपऱ्यांना तो नीट बसतो का ते बघितल्याशिवाय हो म्हणू नये. आसनं कातड्याची नसून मर्सिडीजच्या जाड व्हिनाइलची आहेत म्हणून नाराज होऊ नये. ते व्हिनाइल आपल्यापेक्षा जास्त जगेल.

जर्मनीत या सगळ्याला कागदोपत्री शिस्त आहे. जुन्या गाड्यांची अवस्था १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे भंगाराच्या काठावर. जाहिरातीत बहुतेक विकणारे आपल्या गाडीला २ देतात, प्रत्यक्षात ती ३ असते. मूल्यमापनाचा अहवाल असेल तर त्याची तारीख आधी बघावी; दहा वर्षांपूर्वीची २ आज काहीच सांगत नाही. तीस वर्षं पुरी झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘एच’ अक्षराच्या नंबरप्लेटला पात्र ठरते. मग इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो आणि शहरांच्या धूरबंदी क्षेत्रांतही मुक्त प्रवेश. शेवटची १०७ सुद्धा २०१९ मध्ये या हिशेबात आली. बेढब चाकं, मनाला येईल तो रंग, नव्या जमान्याची आसनं यांनी हा दर्जा धोक्यात येतो, हे हौशी मालकांना उशिरा कळतं.

पुण्याच्या मोटार उद्योगातून श्टुटगार्टला गेलेल्या मराठी मंडळींना या गाडीचा मोह होणं साहजिक आहे. रविवारी गल्लीतून एखादी जाते, आणि किंमत एखाद्या मध्यम नव्या गाडीएवढी निघते. बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: परत जाताना घरी नेता येईल? नाही. जुन्या मोटारींसाठी आपल्या आयात नियमांत जी वाट आहे ती व्हिंटेज गाड्यांची. ऐंशीच्या दशकातली गाडी अजून तिच्यात बसत नाही, आणि डाव्या स्टिअरिंगचा प्रश्न वेगळाच. मुंबईत मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांची रॅली भरते तिथे दिसणाऱ्या एसएल हे इथलं जुनं वैभव आहे. ते नव्याने मागवता येत नाही.

मला विचाराल तर ५६० आणि ५०० यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. त्यांचा भाव चढा आहे. १९८५ नंतरची ३०० एसएल बघावी: सहा सिलिंडर एका ओळीत, पुढे भार कमी, पेट्रोलचा खर्च माणसात, आणि त्या फेरबदलानंतर गंजापासून बचावही आधीपेक्षा बरा. अशा १३,७४२ गाड्या बनल्या, त्यामुळे शोधावी लागेल, पण सापडेल. किमतीव्यतिरिक्त तिच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवावी. इंधनाचे पाइप, टायर, ब्रेकची रबरं आणि निचऱ्याच्या वाटा साफ करणं यांत ती पहिल्याच वर्षी जाते. ३०० एसएलला पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्सही मिळत असे. तशी एखादी कोरड्या गालिच्याची दिसली, तर घ्यायच्या आधी मला कळवा.