सातेरी पेटी का सोडते?

लोंढा जंक्शनला गोव्याचा फाटा फुटतो आणि तिनईघाट, कॅसलरॉककडे जाणारी गाडी रानात शिरते. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम अंगाला जांभूळ, हिरडा, ऐन आहेत. सह्याद्रीच्या अशा रानांत आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याला एकच थोरले उघडे पोळे लावते, तर फुलोरीचे इवले पोळे झुडपात लपलेले असते. सातेरी माशीला मात्र अंधार लागतो. झाडाची ढोली किंवा जुने वारूळ गाठून ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीतही राहू शकते.

राहते, पण टिकत नाही, ही मधपाळांची जुनी तक्रार. मध थोडा आणि मनात आले की पेटी रिकामी. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

आतला कारभार पाहा. पेशीतून बाहेर आलेली कामकरी माशी आधी पेशी साफ करते. काही दिवसांनी डोक्यातल्या ग्रंथी भरल्या की त्या रसाने अळ्यांना भरवते. मग पोटाखालून मेण पाझरू लागते आणि ती बांधकामाला लागते. पुढे मकरंद आटवणे, दारावर पहारा, आणि सगळ्यात धोक्याचे काम, म्हणजे रानात जाणे, शेवटी. फुलोऱ्याच्या दिवसांत हे सारे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. हा क्रमही लवचिक असतो. बाहेर जाणाऱ्या माश्या घटल्या तर कोवळ्या माश्या वेळेआधी उडतात. राणी यातले काहीच ठरवत नाही. ती अंडी घालते, आणि ती हयात असल्याची खबर तिच्या गंधातून वसाहतभर फिरते. अंडे फलित झाले तर मादी, नाही तर नर. नराला नांगी नसते, मध गोळा करणेही नाही. सातेरीच्या नरांच्या पेशींवरच्या टोकदार झाकणाला मधोमध बारीक छिद्र असते. अशी झाकणे खूप दिसू लागली की वसाहत फुटायचे दिवस आले, हे जाणता मधपाळ ओळखतो.

दारात पंख्यासारखे पंख हलवणाऱ्या माश्याही बघाव्यात. युरोपीय माशी तोंड आत करून आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर ठेवून ताजी हवा आत ढकलते. शेकडो माश्या मिळून गांधीलमाशीभोवती गोळा करतात आणि तिला उष्णतेनेच मारतात. जपानमध्ये सातेरीच्याच जातभाईंच्या अशा गोळ्यात सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमान मोजले गेले आहे. व्हरोआ हा कोळीवर्गीय परजीवी मुळात सातेरीचाच; ती त्याला अंगावरून झाडून काढते आणि त्याची वीण बहुतेक नरांच्या पेशींपुरतीच राहते. १९६२ पासून हिमाचलातल्या नगरोटा येथे रुजवलेली युरोपीय माशी मध जास्त देते, पण या परजीवीपुढे हतबल होते.

आता पेटी सोडण्याचे. उन्हाळ्यात जांभूळ-हिरडा फुलतो, मध भरतो. पाठोपाठ पाऊस येतो. दिवसेंदिवस उडता येत नाही, फुलेही नसतात. मे महिन्यात पोळे पुरते पिळून घेतले असेल, वरून मेणकिड्याने जाळी धरली असेल, तर वसाहत करणार काय? राणीची अंडी कमी होतात, उरलेला मध माश्या पोटात भरून घेतात आणि थवा उठतो. थव्यासाठी जागा शोधणाऱ्या माश्या नाचून दिशा आणि अंतर सांगतात. ही भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल मिळाले, आणि त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत जाऊन आपल्याकडच्या सातेरी, आग्या, फुलोरी या जातींचेही नाच तपासले.

मधाच्या एकदोन चौकटी पावसाळ्यासाठी ठेवल्या, गरज पडल्यास साखरेचा पाक दिला, पेटी कोरडी ठेवली, तर सातेरी सहसा राहते. रोगापुढे मात्र ही काळजी पुरत नाही. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने कर्नाटकासह दक्षिणेतल्या पेट्या ओस पाडल्या. तेव्हा अळ्या पिशवीसारख्या फुगून पेशीतच मेल्या; मधपाळाला करण्यासारखे फार थोडे होते. ज्या वसाहती तगल्या, त्यांच्यापासूनच पुढे सातेरीचा वंश वाढला.