वखारीत पिकणारा सुगंध

आयरिसचं फूल देखणं, पण अत्तरवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याचा डोळा जमिनीखाली. तिथे आलं-हळदीसारखं आडवं, गाठीगाठींनी वाढणारं खोड असतं. सुगंधाच्या धंद्यात त्याला ओरिस म्हणतात. वाळा, नागरमोथा, कचोरा आपल्या घरातलेच, तेव्हा मुळांना वास असतो याचं आपल्याला नवल नाही. पण वाळा उपटल्या उपटल्या दरवळतो. ओरिस ताजा उपटला, तर येतो फक्त मातीचा आणि कच्च्या बटाट्याचा वास.

इटलीत, टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला कियांतीच्या टेकड्यांत सान पोलो नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास ‘आयरिस पॅलिडा’ ही फिकट जांभळी जात लावतात. हलकी, दगडगोट्यांची जमीन, ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या मळ्यांलगतचे उतार. पाण्याचे फारसे लाड नाहीत. मे महिन्यात टेकड्या जांभळ्या होतात, पण तिकडे बघायला येणाऱ्यांचं आणि पीक घेणाऱ्यांचं लक्ष वेगवेगळ्या जागी असतं. कंद साधारण तीन वर्षं जमिनीत राहतो आणि ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, खणून निघतो. पानांच्या झुबक्याला कंदाचा एक तुकडा ठेवून तो तोडतात. तेच पुढचं बेणं. उरलेल्याच्या मुळ्या छाटायच्या, माती धुवायची आणि वाकड्या पात्याच्या छोट्या सुरीने साल काढायची. एकही कंद सरळ नसतो, प्रत्येक गाठीपाशी सुरी वळवावी लागते. म्हणूनच हे काम अजून हाताचं राहिलं आहे. सोललेला पांढरा माल चढ्या भावाचा; न सोललेला काळा त्याखालचा. मोरोक्कोतून ‘आयरिस जर्मॅनिका’ येतो, तोही चालतो, पण नाव आहे ते टस्कनीच्या मालाचंच.

मग कंद उन्हात वाळवून, पोत्यांत भरून वखारीत ठेवायचे. तीन वर्षं, कधी पाच. कीड लागू द्यायची नाही, ओल लागू द्यायची नाही. बाकी काही करायचं नाही. त्या काळात कंदातल्या इरिडाल नावाच्या गंधहीन द्रव्यांचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू विघटन होतं आणि त्यातून आयरोन तयार होतात. ओरिसचा सगळा मोठेपणा या आयरोनमध्ये: व्हायोलेटचं फूल, कच्चं गाजर, अंगाला लावायची पावडर, या तिन्हींची थंड, कोरडी झाक.

जुन्या कंदांचं पीठ करून वाफेवर ऊर्ध्वपातन करतात. हाती येतं ते तेल नव्हे, पिवळसर लोणी. कारण आयरोनबरोबर मिरिस्टिक आम्लही वाफेतून येतं, आणि नेहमीच्या तापमानाला ते घट्ट असतं. (हेच आम्ल जायफळात आणि खोबरेल तेलातही असतं.) लोण्याचा बहुतेक भाग या बिनवासाच्या आम्लाचा. अल्कलीने ते काढून टाकलं की उरतो ‘ॲब्सोल्यूट’, आणि त्याची किंमत ऐकून नवखा गप्प होतो. एक टन वाळल्या कंदातून लोणीच निघतं दोनेक किलो.

या महागाईवर इलाज शोधायला रसायनशास्त्रज्ञ उतरले, आणि गंमत झाली. हवा होता व्हायोलेटचा वास, पण त्या फुलांचा अर्क तर ओरिसहूनही महाग. म्हणून जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर यांनी फुलाऐवजी ओरिसवर काम केलं. 1893 साली त्यांनी आयरोनचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते बनवण्याच्या खटपटीत गवती चहातही असणाऱ्या सिट्रालपासून एक वेगळंच द्रव्य तयार झालं: आयोनोन. त्याला व्हायोलेटचाच वास होता. व्हायोलेट स्वस्त झालं, साबणापर्यंत पोचलं. आयरोनची टीमान यांनी मांडलेली रचना मात्र चुकीची ठरली. एका कार्बनचा फरक होता, आणि तो दुरुस्त व्हायला 1947 साल आणि रुझिका यांच्यासारखा नोबेल विजेता लागला. आज आयरोनही कारखान्यात बनतं. तरी माझ्या मते सुटं आयरोन म्हणजे ओरिस नव्हे. लोण्याला जो पिठूळ, किंचित तुपकट भरीवपणा असतो, तो त्यात येत नाही. शनेलच्या ‘नंबर 19’ या अत्तरात तो हिरव्या, कडसर वासांखाली जाणवतो. 1994 च्या सर्ज ल्यूटन्स यांच्या ‘आयरिस सिल्व्हर मिस्ट’मध्ये तर मॉरिस रूसेल यांनी त्याला उघडावाघडाच उभा केला आहे.

अत्तराबाहेरही त्याचा संसार मोठा. युरोपात त्याची पूड कपड्यांच्या घड्यांत ठेवत. दात येणाऱ्या बाळांना गुळगुळीत केलेला तुकडा चघळायला देत. जर्मनीत तो अजून मिळतो. जिनमध्येही तो पडतो. ‘बॉम्बे सफायर’च्या दहा घटकांत ओरिस आहे, म्हणजे नाव मुंबईचं, कंद इटलीचा.

पेच आहे तो शेतकऱ्याचा. आज लावलेल्या कंदाचा सुगंध विकायला सहा ते आठ वर्षं लागतात, आणि तेव्हाचा भाव आज कोणालाच सांगता येत नाही. भाव चढला की सगळे लावतात, माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो, मग लागवड सोडतात. विसाव्या शतकात टस्कनीची खेडी शहराकडे गेली तेव्हा सोलायला हातही कमी पडले. आता जिवाणूंच्या मदतीने आयरोन झटपट तयार करायच्या पद्धती निघाल्या आहेत. त्या चालल्या, तर वखारीत अडकणारं भांडवल सुटेल. सुरीचं काम मात्र तेवढंच राहील.