हळदीचें सत्त्व, कर्करोग आणि संगणकाचा अंदाज

हळदीनें कर्करोग बरा होतो हें संगणकानें सिद्ध केलें, अशी वार्ता हल्लीं बागाईतदारांच्या कानीं वारंवार येते. मालाची मागणी वाढेल या आशेनें ती गोड लागते खरी. पण संगणकानें नेमकें काय केलें हें समजून घेतल्यावांचून तिच्यावर विसंबणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

हळदीस पिवळा रंग देणारें मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. वाळलेल्या हळदींत तें साधारणपणें शेंकडा दोन ते पांच भाग असतें. शरीरांतील पेशींचा कारभार प्रथिनें चालवितात. कित्येक कर्करोगांत एखादें प्रथिन बेताल होऊन पेशीस वाढतच राहण्याचा हुकूम देत सुटतें. प्रथिनाच्या अंगावर खांचा असतात. कुलपांत किल्ली बसावी तसा एखादा लहान रेणू त्या खांचेंत बसला, तर प्रथिनाचें काम थांबूं शकतें. प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्षकिरण सोडिले असतां त्याच्या अणूंची मांडणी काढितां येते. अशा आराखड्यांचा जागतिक संग्रह १९७१ सालीं सुरू झाला व आज त्यांतील दोन लाखांहून अधिक आराखडे कोणासही विनामूल्य मिळतात. संगणक असा आराखडा घेऊन त्याच्या खांचेंत कर्क्युमिनचा रेणू हजारों परींनीं वळवून बसवून पाहतो व प्रत्येक बैठकीस गुण देतो. गुण चांगले पडले म्हणजे किल्ली बसण्याजोगी दिसते, इतकेंच.

या हिशेबांत प्रथिन बहुधा ताठ धरलेलें असतें. शरीरांत तें सारखें हालत असतें. शिवाय किल्ली कुलपापर्यंत पोहोंचते कीं नाहीं, हें संगणकास विचारलेलेंच नसतें. कर्क्युमिनचें घोडें येथेंच अडतें. रोग्यांस दररोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊनही रक्तांत त्याचा अंश नाममात्रच आढळला. शेंकडा चार भागांची हळद धरिली तर तेवढ्यासाठीं २०० ग्रॅम पूड पोटांत जावी लागेल! २०१७ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं शंभरांहून अधिक रुग्णचांचण्यांचा आढावा घेऊन या द्रव्याविषयीं प्रतिकूल मत दिलें.

म्हणून हजारों द्रव्यांतून प्रयोगशाळेंत आधीं कोणतें तपासावें हें ठरविण्यास संगणक फार उपयोगी. औषध ठरविण्यास नव्हे. कर्क्युमिन अधिक असलेल्या मालास गिऱ्हाईक चांगला भाव देत असेल तर तो अवश्य घ्यावा. मात्र कर्करोगाचें नांव सांगून कोणी महाग बेणें विकूं लागल्यास घेऊं नये, व घरांत कोणी आजारी असल्यास हळदीच्या भरंवशावर डॉक्टरांचे उपचार थांबवूं नयेत.

वनस्पतींत औषध नसतें असें मात्र नव्हे. अंगणांतील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळतें व रक्ताच्या कर्करोगावर तें १९६० नंतरच्या दशकापासून देतात. तें संगणकानें नव्हे, प्रयोगशाळेंत सांपडलें. तेंही शिरेंतून, मोजून द्यावें लागतें. पानांचा काढा घरीं करून पिणें विषारी ठरतें.