विश्लेषण : चिमुकल्या बहरीनमधील आंदोलनाने अमेरिकेला पेचात का टाकले?

इजिप्तचे होस्नी मुबारक पायउतार झाले आणि तिसऱ्याच दिवशी, १४ फेब्रुवारी २०११ रोजी, बहरीनमध्ये लोक रस्त्यावर उतरले. आकाराने बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा असलेला हा देश. तरीही तिथल्या आंदोलनाची धास्ती वॉशिंग्टन, रियाध आणि तेहरान अशा तिन्ही ठिकाणी होती.

मागणी काय होती?

बहरीनमध्ये नागरिकांत शिया बहुसंख्य, तर सत्ता सुन्नी अल खलिफा राजघराण्याकडे. राजाचे काका १९७१ पासून पंतप्रधानपदी होते. निवडून आलेले सरकार हवे, अशी आंदोलकांची मुख्य मागणी होती. १७ फेब्रुवारीला पहाटे पोलिसांनी मनामाच्या मोती चौकातील तंबूंवर हल्ला चढवला, त्यात चार जण ठार झाले. त्यानंतर राजेशाहीच नको, अशा घोषणाही ऐकू येऊ लागल्या.

अमेरिका गप्प का?

अमेरिकी नौदलाच्या पाचव्या आरमाराचे मुख्यालय मनामातील जुफैर भागात आहे, मोती चौकापासून काही किलोमीटरवर. आखातातील तेलवाहतुकीवर आणि इराणवर नजर ठेवण्याचे काम तिथून चालते. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी १२ मार्चला मनामात जाऊन सुधारणांचा वेग वाढवण्याचा सल्ला दिला. दोनच दिवसांनी सुमारे एक हजार सौदी सैनिक आणि संयुक्त अरब अमिरातीचे सुमारे ५०० पोलीस बहरीनमध्ये दाखल झाले. सौदी तुकड्या आल्या त्या २५ किलोमीटरच्या किंग फहद सेतूवरून. अमेरिकेने संयमाचे आवाहन केले, इतकेच. १७ मार्चला मात्र संयुक्त राष्ट्रांत लिबियावरील लष्करी कारवाईला मंजुरी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने तिने मत दिले. हा दुटप्पीपणा अरब जगाच्या नजरेतून सुटला नाही.

सौदीला भीती कशाची?

सेतूच्या पलीकडे सौदीचा पूर्व प्रांत. तेलसाठे तिथेच आणि सौदीतील शियांची मोठी वस्तीही तिथेच. शेजारी शियांना सत्तेत वाटा मिळाला तर घरातही तीच मागणी उठेल, हा रियाधचा हिशेब. बहरीनवरील जुना दावा इराणने १९७० मध्ये सोडला होता. तरी ‘यामागे इराण’ हा आरोप राजवटीच्या सोयीचा ठरला. राजानेच नेमलेल्या बसिओनी आयोगाला नोव्हेंबर २०११ च्या अहवालात तसा स्पष्ट दुवा आढळला नाही. आंदोलकांचा छळ झाल्याचे मात्र आयोगाने नोंदवले.

पुढे काय झाले?

१५ मार्चला आणीबाणी लागू झाली आणि १८ मार्चला मोती चौकातील स्मारकच पाडण्यात आले. अमेरिकेने काही शस्त्रविक्री रोखली, ती २०१५ मध्ये पुन्हा खुली केली. प्रमुख विरोधी गट अल वेफाक २०१६ मध्ये विसर्जित करण्यात आला. २०१८ मध्ये ब्रिटननेही बहरीनमध्ये नौदल तळ उघडला. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिका आणि बहरीन यांनी नव्या सुरक्षा करारावर सह्या केल्या.