उपनगरातले जुने घर : विक्रीचा इतिहास कुठे सापडतो?

सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) : नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा. त्यात विकणारा, घेणारा, मोबदला, बाजारमूल्य, मुद्रांक शुल्क, नोंदणीची तारीख. एकेका व्यवहाराची सूची तारखेच्या क्रमाने लावली, की घर कोणाकडून कोणाकडे, कितीला गेले ते कळते. मिळण्याचे ठिकाण : दुय्यम निबंधक कार्यालय.

कायदा : १०० रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२). फेरफार ही धारक बदलल्याची महसुली नोंद. केवळ तिने मालकी मिळत नाही.

मिळकत पत्रिका : फेरफार हिच्यावर दिसतो, नगर भूमापन झालेल्या भागात. इतरत्र सातबारा.

शोध अहवाल : वकील सहसा मागील ३० वर्षांचे दस्त तपासतात. नोंदणीकृत गहाण, बोजा यांची माहिती यात.