नवऱ्याची किडनी, बायकोचं सिरम

तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बारीक खळग्यांच्या रांगा असतात. वाळू नये म्हणून आधी तेल, मग त्याखाली एक मायक्रोलिटर सिरम. ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसतो. सिरम बायकोचं, त्यात सोडायच्या पेशी नवऱ्याच्या. तो तिला किडनी देणार आहे, पण ही चाचणी, म्हणजे क्रॉसमॅच, निगेटिव्ह आलं तर.

पेशींच्या नळ्या दोन, टी आणि बी. बी पेशींना चुंबकी मणी चिकटवतात आणि नळी चुंबकाला लावून त्या बाजूला ओढून घेतात. किचकट काम, पण टाळून चालत नाही. एचएलए म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यांवरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा. टी पेशींवर त्यांतल्या पहिल्या वर्गाच्याच असतात. बी पेशींवर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही वर्गांच्या.

अर्ध्या तासानं सशाच्या रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं घालतात, मग आणखी तासभर थांबायचं. सिरममध्ये नवऱ्याच्या खुणा ओळखणारी प्रतिपिंडं असली, तर ती पेशींना चिकटतात आणि कॉम्प्लिमेंट पेशींना भोकं पाडतं. शेवटी इओसिन रंग. मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी लहान, लखलखीत. मेलेल्या फुगलेल्या, काळपट. टीच्या रांगेत सगळं लखलखीत. बीच्या रांगेत टेक्निशियनताई 6 लिहितात, म्हणजे निम्म्याहून जास्त पेशी मेल्या.

या प्रतिपिंडांचं कारण बहुधा तिच्या बाळंतपणांत आहे. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा बापाच्या असतात. आईच्या बी पेशी त्या परक्या म्हणून ओळखतात. काही स्मृतिपेशी होऊन राहतात, काही प्लाझ्मा पेशी होऊन अस्थिमज्जेत ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवतात. व्हान रूड आणि रोझ पेन यांनी 1958 मध्ये अशा प्रतिपिंडांचा माग काढला. पुढे एचएलए ओळखायची सिरमं बाळंतपणं झालेल्या बायकांच्याच रक्तातून मिळत गेली. 1969 मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवलं, की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असतानाही बसवलेल्या 30 पैकी 24 किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी फक्त 8.

म्हणून मला वाटतं, ‘मुलं किती?’ एवढं विचारून भागत नाही. न टिकलेली गर्भारपणं विचारायला हवीत, तीही एकटीला. सासूसमोर बाई ते सांगत नाही. रक्त किती वेळा चढवलं, तेही, कारण परक्या रक्तानंही अशी प्रतिपिंडं तयार होतात. आणि डायलिसिसवरच्या बाईला हिमोग्लोबिन कमी दिसलं की सरसकट रक्ताची बाटली लावणं थांबायला हवं. जिथे हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी निभावतं, तिथे ती द्यावीत.

क्रॉसमॅचआधी रिटुक्सिमॅब दिलं असेल तर लॅबला कळवावंच लागतं. हे औषध बी पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला धरतं. ते तिच्या सिरममध्ये उरलेलं असलं, की नवऱ्याच्या बी पेशींनाही धरतं आणि क्रॉसमॅच खोटंच पॉझिटिव्ह येतं. उलट प्लाझ्मा पेशींवर सीडी20 नसल्यामुळे आधीची प्रतिपिंडं त्यानं हटत नाहीत. ती काढायला प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढणं, लागतं.

या बाईला रिटुक्सिमॅब दिलेलं नाही. तिच्या स्वतःच्याच पेशींवरचं क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे, म्हणजे प्रतिपिंडं तिच्या स्वतःच्या पेशींविरुद्धची नाहीत. ताई सिरमचा उरलेला भाग ल्युमिनेक्स चाचणीला पाठवतात. प्रतिपिंडं नेमकी कुठल्या खुणेविरुद्ध आहेत आणि किती जोरदार, ते तिथे कळेल. मग प्लाझ्माफेरेसिस करून हीच किडनी घ्यायची, की दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करायची, ते ठरेल.