ज्वालामुखीचा धूर, ढग आणि उपग्रहाची दृष्टी

श्रीरामपूर तालुक्यातील काळी जमीन ही ज्वालामुखीचीच देणगी होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचले व त्या खडकाची झीज होऊन ही कसदार माती बनली. आज महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही. तथापि दूरदेशीच्या ज्वालामुखीचा धूर भारताच्या आकाशापर्यंत येऊ शकतो, हे २०२५ साली दिसून आले.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन राख व वायू सुमारे १४ किलोमीटर उंच गेले. वरच्या थरातील वेगवान वाऱ्यांबरोबर हा लोट येमेन, ओमान व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी सायंकाळी गुजरातवर पोहोचला आणि राजस्थान व दिल्लीवरून पुढे चीनकडे गेला. काही विमानांची उड्डाणे रद्द करावी लागली. श्रीरामपूर या मुख्य मार्गाच्या दक्षिणेस आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने उपग्रहचित्रांच्या साहाय्याने या लोटावर नजर ठेवली होती.

राखेचा लोट आणि पाण्याचा ढग साध्या चित्रात सारखेच दिसू शकतात. मग ते वेगळे कसे ओळखावयाचे? इन्सॅट-३डीआर व फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे भारतीय उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरणही टिपतात. राख व पाणी हे किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. हा फरक मोजला म्हणजे राख कोठे आहे ते कळते.

ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायूही बाहेर पडतो. हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात व खालच्या थरात त्यांवर बाष्पाचे सांद्रीभवन होऊन ढगाचे थेंब तयार होतात. एका पाळीचे पाणी दहा सऱ्यांऐवजी शंभर सऱ्यांत वाटले, तर प्रत्येक सरीस थोडेच मिळते. त्याचप्रमाणे कण वाढले की तेवढेच पाणी अधिक थेंबांत विभागले जाते व थेंब बारीक होतात. बारीक थेंबांचा ढग सूर्यप्रकाश अधिक परतवितो. म्हणून त्यांचा आकार उपग्रहावरून अजमावता येतो. आइसलँडमधील होलुह्रौन येथे ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ पर्यंत उद्रेक चालू होता. त्या वेळी उत्तर अटलांटिक महासागरावरील ढगांचे थेंब नेहमीपेक्षा लहान झाल्याचे उपग्रहांनी दाखविले. ढगांतील एकूण पाण्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

हे ज्ञान पर्जन्यछायेतील शेतकऱ्यास निरुपयोगी नाही. थेंब फार बारीक राहिले तर ते एकमेकांस मिळून जड होण्यास वेळ लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात ढगांत क्षाराचे कण सोडून प्रयोग केले, त्यामागे याच्या उलट तत्त्व होते: पाणी शोषणारे मोठे कण मिळाले तर मोठे थेंब लवकर तयार व्हावेत.

हायली गुब्बीची राख भारतावरून मुख्यतः फार उंचावरून गेली. पिकास अपाय होतो तो ज्वालामुखीच्या परिसरात, जेथे राखेचा जाड थर पानांवर बसतो. म्हणून अशी बातमी आली तरी शेतकरी बंधूंनी कांद्याची लागवड, गव्हाचे पाणी अथवा फवारणी केवळ तिच्या भीतीने थांबवू नये. आकाश पांढुरके दिसले म्हणून पाऊस येणार असेही समजू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखादे सुटे उपग्रहचित्र दाखवून अंदाज सांगू नये. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’वर पाहून तो चावडीवर वाचून दाखवावा. आकाशातील लोट कशाचा आहे हे उपग्रह सांगतो. शेतात कोणते काम केव्हा करावे, हे त्या सल्ल्यावरून व आपल्या जमिनीतील ओल पाहून ठरवावे.